इस्त्रीने चिकटणारे भरतकामाचे पॅच

भरतकामाचा पॅच म्हणजे जाड कापडाच्या तुकड्यावर भरलेली, कडेने टाके घालून बांधलेली आणि मग कपड्यावर बसवलेली छोटी आकृती. टी-शर्टसारखे ताणले जाणारे कापड रिंगमध्ये अडकवून थेट भरू गेल्यास चुण्या पडतात. पॅच वेगळ्या, घट्ट विणीच्या कापडावर भरला जात असल्याने ही अडचण येत नाही, शिवाय फाटलेला कोपर किंवा न जाणारा डागही त्याखाली झाकता येतो. सैन्याच्या, स्काउटच्या गणवेशांमुळे हे पॅच जगभर ओळखीचे झाले. नासाच्या जेमिनी ५ या १९६५च्या मोहिमेपासून अंतराळवीरांचा प्रत्येक चमू स्वतःचा पॅच तयार करून घेऊ लागला.

पॅचसाठी गणवेशाचे सुती ड्रिल, जीनचे कापड किंवा फेल्ट घ्यावे. सुती कापड आधी धुऊन वाळवावे, नाहीतर ते पहिल्या धुण्यात आटते आणि पॅच आक्रसतो. लाल आणि काळ्या दोऱ्याचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहावे. आकृती साधी, ठसठशीत असावी. ती गडद कापडावर पिवळ्या किंवा पांढऱ्या कार्बन पेपरने उमटवता येते.

भरतकामाचा दोरा सहा पदरांचा असतो. बाह्यरेषेला दोन आणि भरावाला तीन पदर पुरतात. बाह्यरेषा उलट्या टिपेने आणि आतला भाग सॅटिन टाक्याने भरावा. सॅटिनचा टाका सात-आठ मिलिमीटरपेक्षा लांब झाला की तो कुठेही अडकून ओढला जातो, म्हणून रुंद भाग तुकड्यातुकड्यांनी भरलेला बरा. देवनागरी अक्षरे भरताना उभ्या रेषा आणि गोलाई आधी, शिरोरेषा शेवटी घ्यावी. एका सलग रेषेखाली सगळी अक्षरे बांधली जातात आणि ओळ वाकडी दिसत नाही. अनुस्वाराला गाठीचा टाका शोभतो. मागच्या बाजूला मात्र गाठी नकोत. दोऱ्याची टोके टाक्यांखालून ओवून कापावीत, कारण पुढे डिंक याच बाजूला लागायचा असतो आणि प्रत्येक उंचवट्यापाशी तो तुटक बसतो.

भरून झाल्यावर मागे इस्त्रीने चिकटणारा बकरम लावावा. त्याने पॅचला ताठपणा येतो आणि कापल्यावर धागे सुटत नाहीत. मग आकृतीभोवती चार-पाच मिलिमीटर जागा सोडून कापावे आणि कडेने दाट काजटाका घालावा. घाई करणाऱ्यांचे पॅच बहुधा इथेच बिघडतात. काजटाका विरळ राहिला तर दोन-तीन धुण्यांत कापडाचे धागे बाहेर डोकावू लागतात.

आता डिंक. शिवणसामानाच्या दुकानात कागदावर बसवलेला दुहेरी चिकटणारा फ्युजिंगचा थर मिळतो. तो पॅचपेक्षा दोन मिलिमीटर आत कापावा, खरखरीत बाजू पॅचच्या पाठीला लावून कागदावरून काही सेकंद इस्त्री दाबावी आणि थंड झाल्यावर कागद सोलावा. हा डिंक उष्णतेने वितळतो, कपड्याच्या धाग्यांमध्ये शिरतो आणि थंड होताना तिथेच घट्ट होतो. म्हणून पॅच कपड्यावर ठेवून वर सुती रुमाल घालावा आणि वाफ बंद करून इस्त्री न सरकवता नुसती दाबून धरावी. सरकवली तर वितळलेल्या डिंकावर पॅच घसरतो. भरतकामाच्या जाडीतून उष्णता पुरेशी पोहोचत नाही, म्हणून कपडा उलटा करून आतूनही दाबावे. किती वेळ आणि किती ताप हे फ्युजिंगच्या पाकिटावर छापलेले असते, तेच पाळावे. पॅच पूर्ण थंड होईपर्यंत कड उचलून पाहू नये.

नायलॉन, रेशीम आणि पाणी न शिरणारी जाकिटे इस्त्रीचा हा ताप सहन करत नाहीत, तिथे पॅच शिवणेच योग्य. रोज धुवायच्या कपड्यांवर, तसेच मुलांच्या शाळेच्या दप्तरावर आणि पँटच्या गुडघ्यावर, केवळ डिंकाचा भरवसा धरू नये. डिंक पॅचला जागेवर धरतो, पण ओढाताण सोसतात ते टाके. कडेच्या काजटाक्यात लपतील असे बारीक टाके घातले की पॅच कपड्याइतकाच टिकतो. असा कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि पॅचवर इस्त्री करायची झाल्यास रुमाल ठेवून करावी. पॅच काढायचा असेल तर हे टाके उसवून रुमालावरून पुन्हा इस्त्री दाबावी. डिंक मऊ होतो आणि कड हळूहळू सोडवता येते. दुसऱ्या कपड्यावर लावताना पाठीला नवा फ्युजिंगचा थर द्यावा लागतो.