अर्धा की दोन दंड

सकाळी ९. चहा यायच्या आत मी कालच्या पानांची चुकांची यादी उघडते. आमच्याकडे मोडी कागद वाचून टाइप होतात. एक प्रत नागरीत, एक मोडीत. मोडी कागदाची पुन्हा मोडीतच प्रत कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो. नागरीत आणताना वाचणारा नकळत शुद्धलेखन सुधारतो, जोडलेले शब्द तोडतो, अर्धवट अक्षर पुरं करतो. मोडी प्रतीत ही लुडबुड करायची नाही, असा आमचा नियम आहे. तो पाळणं किती अवघड आहे, ते या यादीतच दिसतं.

सध्या टेबलावर एका सावकारी घराण्याची खतावणी आहे, इंग्रजी अमदानीतली. एका ओळीत बारा रुपये चौदा आणे मांडलेत. कागदावर आधी १२, मग तीन उभ्या रेघा, मग दोन आडव्या-तिरप्या. उभी रेघ पावलीची, आडवी आण्याची. तीन पावल्या आणि दोन आणे, झाले चौदा. ज्यांच्या घरी आजोबांची जमाखर्चाची वही अजून माळ्यावर आहे त्यांना हे सांगायला नको.

आता ती उभी रेघ टाइप करायची कशी? यादीत मला तिची चार रूपं सापडली. एकाने नागरीतला दंड टाकलाय, जो आपण श्लोकाच्या शेवटी देतो. दुसऱ्याने मोडीचा स्वतंत्र दंड टाकलाय. तिसऱ्याने की-बोर्डच्या कोपऱ्यातली इंग्रजी उभी रेघ. चौथीने बरोबर चिन्ह घेतलंय. पडद्यावर चारही सारखीच दिसतात, छापली तरी सारखीच. संगणकाच्या लेखी मात्र पहिल्या दोन ठिकाणी वाक्य संपलं आणि तिसऱ्या ठिकाणी काहीतरी गणिती खूण आली. पाव रुपया फक्त चौथीकडे नोंदला गेला.

हे चौथं चिन्ह युनिकोडमध्ये २००९ साली, ५.२ या आवृत्तीत आलं. पाव, अर्धा, पाऊण, एक आणा, दोन आणे, तीन आणे, रुपयाची खूण वगैरे एकूण दहा चिन्हं एका छोट्या गटात बसवली आहेत. गटाच्या चिन्हांच्या नावात ‘नॉर्थ इंडिक’ आहे, पण मोडी हिशेबाला ती चालतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. अपूर्णांकाच्या प्रत्येक चिन्हाला नुसता क्रमांक नाही, किंमतही दिलेली आहे. अर्ध्याच्या नोंदीत एक छेद दोन, आण्याच्या नोंदीत एक छेद सोळा. म्हणजे पाऊण आणि दोन आणे नीट टाइप केले तर यंत्राला सबंध खतावणीची बेरीज करता येते. पाऊण मात्र एकच चिन्ह आहे. आपल्या डोळ्यांना ते ‘दोन दंड आणि एक दंड’ असंच दिसतं आणि बोटं तसंच दाबतात. यादीतल्या निम्म्याहून जास्त चुका पाऊणच्या आहेत.

साडेदहापर्यंत दुरुस्त्या. हे काम आपोआप होईल असं मला सुरुवातीला वाटायचं. पण आकड्यानंतरचे दोन दंड म्हणजे अर्धा की कलम संपल्याची खूण, हे पुढची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

साडेअकराला अप्पा येतात. त्यांचं सगळं आयुष्य दप्तरखान्यातले रुमाल सोडण्यात गेलं. आजही ते कागद हातात घेतला की आधी तारखेची ओळ बघतात आणि मग मायना. आज वाद वेलांटीचा. तो दर आठवड्याला होतो.

मोडीत वेलांटी एकच, ती दुसरी. आणि उकार एकच, तो पहिला. ‘दिवस’ लिहायचा तरी ‘दीवस’, ‘पूर्वी’ लिहायचं तरी ‘पुर्वी’. लिहिणाऱ्याची घाई, बोरू न उचलता ओळ पुरी करायची सवय, त्यात ऱ्हस्व-दीर्घाला वेळ कुणाला? पण युनिकोडच्या तक्त्यात मोडीला दोन्ही वेलांट्या आणि दोन्ही उकार दिलेत. तेही बरोबरच आहे, कारण मोडीत कुणी संस्कृत शब्द काटेकोर लिहायला घेतला तर त्याची अडवणूक का करावी? ऋ, ॠ, ऌ, ॡसुद्धा तक्त्यात आहेत. खतावणीत ते मला दिसलेले नाहीत.

“ताई, कागदात जे आहे ते लिहा. दीवस म्हणजे दीवस,” अप्पा म्हणतात.

“अहो अप्पा, मग ‘दिवस’ शोधणाऱ्याला हे पान सापडणारच नाही,” आमचा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा म्हणतो.

“त्याला मोडी येत असेल तर सापडेल.”

“आणि नसेल येत तर?”

“तर त्याने नागरी प्रत वाचावी की.”

दोघांचंही खरं आहे. गेल्या महिन्यापासून आम्ही मोडी प्रतीत अप्पांचं ऐकतो आणि शोधयंत्रात त्या मुलाचं. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं, म्हणजे कसंही टाइप केलं तरी पान मिळतं. अप्पांना ही तडजोड वाटते. मला ती कामाची रीत वाटते.

दुसरा प्रश्न शब्दांमधल्या जागेचा, तो पटकन सुटला. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं टांगत जातात; शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखायचं. आम्ही तिथे रुंदी नसलेली जागा टाकतो. डोळ्यांना दिसत नाही, रेघ तुटत नाही, यंत्राला मात्र शब्द वेगळा कळतो.

एक वाजता डबा.

अडीच. एका ग्रंथालयाचा फोन. आम्ही पाठवलेली मोडी शीर्षकं त्यांच्या सूचीत प्रश्नचिन्हं होऊन दिसतायत. “मॅडम, तुमची फाइल खराब आहे.” फाइल खराब नाही. नागरी अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, मोडी अक्षराला चार. पूर्वी बऱ्याच ठिकाणी तक्ते बांधताना तीन बाइटांच्या वर कुणी विचारच केला नव्हता, कारण रोजच्या वापरातल्या बहुतेक लिप्या तेवढ्यात बसायच्या. उशिरा आलेल्यांना मोकळी जागा दुसऱ्या मजल्यावर मिळाली. मोडीचा मुक्काम षोडशमान मोजणीत ११६०० या क्रमांकापासून पुढे आहे. बरोबर चार बाइटवाली इमोजीही त्याच मजल्यावर राहतात, म्हणून मी त्यांना विचारते, “तुमच्या सूचीत हसरा चेहरा टाकून बघा, येतो का?” येत नाही. मग त्यांना पटतं. फोनवर लिपीचा इतिहास सांगण्यापेक्षा ही युक्ती बरी.

मोडी युनिकोडमध्ये आली जून २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत, एकूण ७९ चिन्हांसह. अंशुमन पांडे यांनी २०११ साली सविस्तर प्रस्ताव केला होता. अशा प्रस्तावात नुसती लिपीबद्दलची कळकळ चालत नाही. प्रत्येक अक्षराचा छापील किंवा हस्तलिखित पुरावा लागतो, क्रम लागतो, कोणतं चिन्ह कशाला जोडून बसतं ते लिहून द्यावं लागतं. युनिकोडच्या आधीचे बरेचसे मोडी फॉन्ट म्हणजे शुद्ध सोंग होतं. आत इंग्रजी अक्षर, वर मोडीचा मुखवटा. फॉन्ट बदलला की पत्राच्या जागी इंग्रजी कचरा. तशा जुन्या फाइली आमच्याकडे अजून येतात, आणि फॉन्टच हरवलेला असेल तर कुठलं इंग्रजी अक्षर म्हणजे कुठलं मोडी, हे छापील प्रत समोर ठेवून जुळवत बसावं लागतं.

सव्वाचार. चहा आणि फॉन्ट. फॉन्ट करणाऱ्याने ‘ला’ आणि ‘जा’ची नवी वळणं पाठवलीत. मोडीत काना लागला की काही अक्षरांचा आकारच पालटतो. तक्त्यात ‘जा’ला वेगळा क्रमांक नाही. तिथे ज आणि काना एवढंच आहे, पुढची कलाकुसर फॉन्टने करायची. शिवकालीन वळण, पेशवेकालीन वळण, आंग्लकालीन वळण यांनाही वेगळे क्रमांक नाहीत. चिटणिशी हात असो नाहीतर बिवलकरी, क तो क. जाणकारांना हे आधी खटकतं. इतक्या वर्षांच्या वळणांची वाट लावली असं वाटतं. मला उलट वाटतं, हात फॉन्टने सांभाळावा. तक्ता जर प्रत्येक हाताच्या मागे लागला असता तर शिवकालीन पत्रातलं ‘कोकण’ आणि पेशवाईतलं ‘कोकण’ एका शोधात कधीच आलं नसतं.

हा प्रश्न काही संगणकाने आणलेला नाही. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला मोडी खिळ्यांत छापला गेला. (बंगालमधलं श्रीरामपूर, अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे.) तेव्हाच्या खिळे पाडणाऱ्यालाही इतक्या हातांतून एकच क निवडावा लागला होता. छापखाने पुढे नागरीकडे वळले आणि मोडी मुख्यतः हाताच्या लिखाणात राहिली, म्हणून तो निवडीचा प्रश्न दोनशे वर्षं मागे पडला एवढंच.

आजचा ‘ला’ चांगला आहे, ‘जा’ परत पाठवला. दुसऱ्या ओळीच्या वेलांटीला टेकतोय.

सहा वाजता शेवटचं पत्र. गडचिरोलीच्या एका शिक्षकांचं. मुलांना गोंडी टाइप करता यावी म्हणून त्यांना की-बोर्ड हवाय. ‘गोंडी’ एवढंच लिहिलंय, आणि युनिकोडमध्ये गोंडीच्या लिप्या दोन आहेत. मसराम गोंडी ही मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी विसाव्या शतकात तयार केली. ती २०१७ मध्ये आली. गुंजाळा गोंडी ही आदिलाबादकडच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांवरून घेतलेली. ती २०१८ मध्ये. मोडीच्या सगळ्या हातांना एकच तक्ता आणि गोंडीला दोन, हा अन्याय नव्हे. मोडीच्या वळणांचा मूळ सांगाडा एकच आहे. या दोघींचा उगम वेगळा, अक्षरांची घडण वेगळी. एकीवर दुसरीचा फॉन्ट घालून भागत नाही. त्यातून गोंडी नागरीतही लिहिली जाते आणि तेलुगू लिपीतही.

पुण्यात बसून यातली एक मी निवडायची नाही, एवढं मला कळतं. शिक्षकांना उलट प्रश्न लिहिले: शाळेत फलकावर कोणती अक्षरं आहेत? गावातली मोठी माणसं कोणती वाचतात? फोन साधे आहेत की स्मार्ट, आणि किती जुने? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण जुन्या फोनमध्ये दोन्ही फॉन्ट नसतील तर मुलांना अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतील आणि त्यांना वाटेल आपलंच काही चुकलं. दोन्ही फॉन्ट सोबत जोडले, ते फोनमध्ये कसे घालायचे ते पायरीपायरीने लिहिलं, आणि खात्री करायला दोन्ही लिप्यांतलं पहिलं अक्षर चित्र म्हणून पाठवलं. उत्तर आलं की कळा कशा मांडायच्या ते ठरवू.