तीन हजार एकशे एकवीस माणसांचा गड

पन्हाळ्यावर लिहायला बसलेला माणूस बहुधा सिद्दी जौहरच्या वेढ्यापासून सुरुवात करतो. तो वेढा, जुलै १६६० मधली ती पावसाळी रात्र आणि घोडखिंड आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहेत. माझे कुतूहल जरा निराळे. तटाच्या आत आजही एक गाव नांदते आहे. तिथे माणसे किती, आणि ती राहतात कशी?

माणसे मोजायला फार वेळ लागत नाही. २००१ च्या खानेसुमारीत ती ३,४५० भरली, २०११ मध्ये ३,१२१. २०२१ ची मोजणी ठरल्या वर्षी झालीच नाही, त्यामुळे हाच आकडा हाताशी. मुंबईच्या एखाद्या मोठ्या वसाहतीत याहून अधिक माणसे सापडतील! तरी गावाला नगरपरिषद आहे. ती गिरिस्थान म्हणून मिळालेली, आणि राज्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांत तिची गणना होते. त्याहून मौज अशी की, अडीच लाखांवर वस्तीच्या तालुक्याचे हे मुख्य ठाणे. कोडोलीसारखे खालचे एकेक गाव त्याच्या कित्येक पट मोठे. पण कचेरीचे काम निघाले की त्या मोठ्या गावांनी या छोट्या गावाकडे चढून यायचे.

कोल्हापूरपासून गड अवघा २० किलोमीटर. उंची ३,००० फुटांहून जास्त. उत्तरेला वारणेचे खोरे, दक्षिणेला कासारीचे. दोन्हीकडे ऊस डोलतो आहे आणि मध्ये हा जांभ्याचा माथा. जांभ्यात पाऊस मुरून जातो आणि नदी काही डोंगर चढून येत नाही. म्हणून वर राहायचे तर आधी पाणी साठवायचे. सोमेश्वर आणि सादोबा ही तळी, आणि ती तीन मजली अंधारबाव – तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांना जागा. पाण्यालाही पहारा लागत होता, यावरून त्याची किंमत ओळखावी. धान्यासाठी अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारे. त्यांच्या जाड भिंतींपुढे उभे राहिले की आपल्या घरातले धान्याचे डबे आठवून हसू येते.

कोल्हापूरच्या छत्रपतींची राजधानी १७८२ पर्यंत इथे होती. मग ती खाली कोल्हापुरास गेली. वरून खाली उतरण्याची चाल तेव्हापासूनची म्हणायची.

आजच्या उतरण्याचे कारण मला झुणका-भाकर विकणाऱ्या एका आजींनी सांगितले. "ल्योक खाली ऱ्हातोय. हितं खोली वाढवायची म्हटलं तर कागुद लागत्यात." कागद का लागतात, ते कायद्यात आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना. त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. खुल्या माळावरच्या एकट्या देवळाला हे ठीक. इथे घराच्या एका अंगाला कोठार, दुसऱ्या अंगाला दरवाजा, पाठीशी तट! दोन भावांची लग्ने झाली, की एकाला बिऱ्हाड खाली न्यावे लागते. कायदा चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तो नसता तर तटाचे दगड केव्हाच कुणाच्या जोत्यात गेले असते. पण तो करताना डोळ्यांपुढे भिंती होत्या, भिंतीआडची चूल नव्हती, एवढे खरे.

जुलै २०२१ च्या पावसात वर येणारा मुख्य रस्ता खचला. शहरात रस्ता तुटला तर आपण दुसरा धरतो. इथे दूध, औषधे आणि पाहुणे, म्हणजे पर्यायाने रोजची कमाई, सारे त्याच एका वाटेने येते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत पन्हाळा आहे. ऐकून माझी छाती फुगली. आजींनी मात्र विचारले, "म्हंजे आता आम्हास्नी उठिवत्यात काय?"

मला ठाम उत्तर देता आले नाही. शेजारी एका तरुणाने तीन दरवाजाची माहिती सांगायला सुरुवात केली होती. ऐकणारी मंडळी पुण्याची. सुटीच्या दिवशी पाहुण्यांची अशी दाटी असते की गावकरी शोधावा लागतो. सायंकाळी पाच वाजले. कचेरीतले कारकून, वकील, सातबाऱ्यासाठी आलेले शेतकरी एसटीत चढले, मोटारी उताराला लागल्या. आजींनी टोपलीतल्या उरलेल्या भाकऱ्या मोजल्या, फडके बांधले आणि त्या तटाच्या बाजूच्या गल्लीत शिरल्या.