अर्धशिशीची पूर्वसूचना देणारे यंत्र आणि पेटंट परीक्षकाच्या कसोट्या

प्रतिनिधी, मुंबई

डोके दुखू लागण्यापूर्वीच ते दुखणार असल्याची सूचना मनगटावरील पट्टीने दिली, तर अर्धशिशीच्या रुग्णांना ती वरदानासारखी वाटेल. नाडीचे ठोके, त्वचेचे तापमान, घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारे बदल, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि झोपेचे स्वरूप टिपणारे सेन्सर आता लहान आणि तुलनेने स्वस्त झाले आहेत. त्यांच्या नोंदींवरून मायग्रेनचा झटका आधीच ओळखण्याचे प्रयत्न अनेक देशांत सुरू आहेत. असे तंत्र विकसित करणारा संशोधक किंवा उद्योजक साहजिकच पेटंटसाठी अर्ज करतो. हा अर्ज परीक्षकाच्या टेबलावर आला, की कोणते प्रश्न विचारले जातात? आणि पेटंट मिळाले म्हणजे यंत्राचे भाकीत खरे ठरले, असे मानावे काय? रुग्ण आणि ग्राहक या दोन्ही नात्यांनी हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

आजार आणि भाकिताचा आधार

मायग्रेन ही केवळ डोकेदुखी नव्हे, तर मेंदूशी संबंधित विकार आहे. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार उपचार न केल्यास त्याचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. कर्नाटकातील पाहणीवर आधारित, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चौघांत एक, असे आढळले होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक दिसतो.

या आजाराचे भाकीत करता येईल असे वाटण्याचे कारण त्याच्या क्रमात आहे. अनेक रुग्णांना प्रत्यक्ष वेदनेपूर्वी काही तास, कधी एक-दोन दिवस आधी, पूर्वलक्षणे जाणवतात. वारंवार जांभया येणे, मान आखडणे, थकवा, चिडचिड, विशिष्ट पदार्थ खाण्याची तीव्र इच्छा ही त्यांपैकी काही. काहींना वेदनेच्या आधी डोळ्यांपुढे प्रकाशाच्या नागमोडी रेषा दिसतात. या अवस्थेला ‘ऑरा’ म्हणतात. शरीरात बदल आधीच सुरू होत असतील, तर ते सेन्सरला टिपता यावेत, हा यामागील विचार.

माद्रिदमधील कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सेन्सर्स’ या नियतकालिकात असा एक प्रयोग मांडला. शरीरावर लावलेल्या बिनतारी सेन्सरच्या नोंदींवरून, वेदना सुरू होण्याच्या सरासरी ४७ मिनिटे आधी झटक्याचे भाकीत करता येईल, असे त्यांनी दाखवले. प्रयोग अगदी मोजक्या रुग्णांवर झाला होता आणि प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र गणिती प्रारूप तयार करावे लागले होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

आगाऊ सूचनेचा उपयोग काय, असा प्रश्न पूर्वी विचारला जाई. त्याचे एक उत्तर २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दिले. आपला झटका पूर्वलक्षणांवरून ओळखता येणाऱ्या रुग्णांना वेदना सुरू होण्यापूर्वीच युब्रोजेपँट हे औषध देण्यात आले. त्यानंतरच्या २४ तासांत मध्यम वा तीव्र डोकेदुखी न होण्याचे प्रमाण औषध घेतल्यावर ४६ टक्के, तर नुसती दिखाऊ गोळी घेतल्यावर २९ टक्के होते. म्हणजे वेळेवर मिळालेल्या सूचनेला वैद्यकीय मोल आहे, आणि अर्थातच व्यापारी मोलही आहे.

अर्जाचा प्रवास

भारतात पेटंटचा कारभार १९७० च्या पेटंट कायद्यानुसार चालतो. मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता येथे पेटंट कार्यालये आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात.

अर्ज दाखल झाल्यावर साधारणतः १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध केला जातो. मात्र अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होते, असे नाही; त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. ही मुदत पूर्वी ४८ महिन्यांची होती; २०२४ च्या नियमबदलानंतर नव्या अर्जांसाठी ती ३१ महिन्यांवर आली. परीक्षक अर्ज तपासून आक्षेपांचा पहिला अहवाल देतो. त्यानंतर सहा महिन्यांत आक्षेपांचे निरसन करून अर्ज मंजुरीयोग्य करावा लागतो. विनंती केल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही त्याला हरकत घेऊ शकतो. मंजुरीची सूचना प्रसिद्ध झाल्यानंतरही एक वर्षापर्यंत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला हरकत घेता येते. पेटंटचे आयुष्य अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचा भाग असतो तो ‘दाव्यां’चा. अर्जाच्या शेवटी दिलेल्या या क्रमांकित वाक्यांत आपला हक्क नेमका कशावर आहे, हे अर्जदार सांगतो. जमिनीच्या व्यवहारात चतुःसीमेला जे स्थान, तेच पेटंटमध्ये दाव्यांना. परीक्षकाचा खल प्रामुख्याने या वाक्यांवर चालतो.

पहिला अडसर : हा शोध कायद्याला मान्य आहे का?

मायग्रेनचे भाकीत करणाऱ्या तंत्राला भारतीय कायद्याच्या कलम ३ मधील दोन उपकलमे आडवी येतात.

उपकलम (आय) नुसार मनुष्यावरील औषधोपचार, शस्त्रक्रिया, रोगप्रतिबंध किंवा रोगनिदान यांच्या प्रक्रियांना पेटंट मिळत नाही. वैद्यकीय पद्धतींवर कोणाची मक्तेदारी असू नये, हा त्यामागील हेतू. त्यामुळे ‘रुग्णाच्या नाडीचे व त्वचेच्या तापमानाचे मापन करून मायग्रेन ओळखण्याची पद्धत’ असा दावा केल्यास परीक्षक हे कलम पुढे करणार, हे जवळजवळ ठरलेले. हे तर भाकीत आहे, निदान नव्हे, असा युक्तिवाद अर्जदार करू शकतो. परंतु ‘निदान’ या शब्दाची व्याप्ती किती, हा वादाचा विषय आहे. गर्भजल परीक्षणाऐवजी मातेच्या रक्तावरून करावयाच्या चाचणीसंबंधीच्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या शब्दाचा विस्ताराने ऊहापोह केला. केवळ प्रत्यक्ष शरीरावर केल्या जाणाऱ्या प्रक्रियांपुरता तो मर्यादित नाही, असे न्यायालयाने म्हटले.

उपकलम (के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रणाली यांना पेटंट मिळत नाही. सेन्सर बाजारात उपलब्ध असलेलेच, नवे आहे ते फक्त आकडेमोडीचे सूत्र, अशी स्थिती असेल तर येथे अडचण येते. मात्र हा दरवाजा पूर्ण बंद नाही. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले की, संगणक प्रणालीवर आधारलेल्या शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ प्रणालीचा वापर आहे म्हणून तो नाकारता येणार नाही.

म्हणूनच अनुभवी पेटंट एजंट दावा ‘पद्धती’ऐवजी ‘उपकरणा’चा करण्याकडे कल ठेवतात. हालचालीमुळे नाडीच्या नोंदीत येणारा गोंधळ विशिष्ट रीतीने दूर करणारी, एखादा सेन्सर त्वचेपासून सुटल्यास उरलेल्या सेन्सरच्या आधारे काम चालू ठेवणारी किंवा कमी विजेत अधिक काळ नोंद ठेवणारी पट्टी, असा दावा केला तर तांत्रिक समस्या आणि तिचे तांत्रिक उत्तर दोन्ही दिसतात. अर्थात शब्दांची नुसती अदलाबदल पुरत नाही; उपकरणाच्या वेषात मूळ सूत्रच पुढे आणले आहे का, हे परीक्षक पाहतोच.

नावीन्य आणि शोधकता

पहिला अडसर पार झाला, की खरी परीक्षा सुरू होते. अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कोठेही हेच तंत्र प्रसिद्ध झाले असेल, तर नावीन्य संपते. माद्रिदच्या प्रयोगासारखे शोधनिबंध आणि जुने पेटंट अर्ज हे सारे परीक्षकाच्या दृष्टीने पूर्वज्ञान होय. अर्जदाराने स्वतःच आधी प्रसिद्ध केलेला निबंधही त्याच्या विरोधात जाऊ शकतो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या काही मोजक्या प्रसंगी कायदा १२ महिन्यांची सवलत देतो. पण ती सरसकट नाही. आपल्याकडील अनेक प्राध्यापक आधी निबंध छापतात आणि मग पेटंटचा विचार करतात. हा क्रम महागात पडू शकतो.

नावीन्यापेक्षा अवघड कसोटी शोधकतेची. त्या क्षेत्रातील जाणकार व्यक्तीला जे सहज सुचले असते, त्याला पेटंट नाही. भारतीय कायद्यानुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे लागते आणि शिवाय तो जाणकाराला उघड वाटणारा नसावा लागतो. पहिल्या निबंधात चार सेन्सर वापरले, मी पाचवा जोडला, एवढ्याने भागत नाही. पाचव्या सेन्सरमुळे अनपेक्षित असे काय साधले, हे दाखवावे लागते.

येथे तुलनेसाठी एक जुना अभ्यास आठवावा. पूर्वलक्षणे जाणवतात असे सांगणाऱ्या निवडक रुग्णांनी इलेक्ट्रॉनिक डायरीत नोंदी ठेवल्या, तेव्हा त्यांचे स्वतःचे भाकीत ७२ टक्के वेळा खरे ठरले, असे २००३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रुग्णाला जे स्वतःच कळते, त्याहून अधिक यंत्र काय सांगते, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

तिसरी कसोटी प्रकटीकरणाची. पेटंट हा एक करार आहे : समाज २० वर्षांची मक्तेदारी देतो आणि त्या बदल्यात शोधक आपले ज्ञान संपूर्णपणे उघड करतो. ‘यंत्र नोंदी घेऊन योग्य प्रक्रिया करते व भाकीत देते’ अशी मोघम भाषा चालत नाही. कोणत्या नोंदी, किती वेळाच्या अंतराने, कोणती प्रक्रिया, हे वाचून त्या क्षेत्रातील जाणकाराला तेच यंत्र तयार करता आले पाहिजे. अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धतही सांगावी लागते.

इतर देशांत काय?

युरोपात शरीरावर केल्या जाणाऱ्या निदानपद्धतींना पेटंट मिळत नाही. मात्र उपकरणांना ही बंदी लागू नाही. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने डिसेंबर २००५ मध्ये या बंदीचा अर्थ मर्यादित केला. मापन, प्रमाण मूल्यांशी तुलना, लक्षणीय फरक शोधणे आणि त्यावरून रोग ठरवणे हे सर्व टप्पे दाव्यात असतील आणि त्यांतील तांत्रिक टप्पे शरीरावर केले जात असतील, तरच ती निदानपद्धत मानावी, असा तो निर्णय होता.

अमेरिकेत स्थिती वेगळी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या मेयो आणि २०१४ च्या अ‍ॅलिस या निकालांत नैसर्गिक नियम व अमूर्त कल्पना यांवर पेटंट देण्यास कडक मर्यादा घातल्या. शरीरातील अमुक बदल आणि मायग्रेन यांचा संबंध हा निसर्गाचाच भाग, असे म्हणण्यास त्यामुळे वाव मिळतो. तरीही २०२० मध्ये कार्डिओनेट प्रकरणात, हृदयाच्या ठोक्यांमधील अनियमितता टिपणाऱ्या उपकरणाचे पेटंट तेथील फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ग्राह्य ठरवले. हृदयनिरीक्षणाच्या तंत्रातच ती सुधारणा आहे, असे कारण दिले. म्हणजे एकच शोध तीन ठिकाणी तीन वेगळ्या निकषांवर तपासला जातो.

पेटंट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मुद्दा हा. शोध नवा आहे का, हे पेटंट परीक्षक पाहतो. यंत्र रुग्णाला कितपत उपयोगी पडेल, हे तो रुग्णालयात जाऊन तपासत नाही. सुरक्षितता आणि परिणामकारकता हा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा प्रांत आहे. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम त्यासाठी आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले आहे.

हा फरक महत्त्वाचा का, हे एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, एखाद्या रुग्णाला महिन्यातील ३० पैकी ५ दिवस झटका येतो आणि यंत्र दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ते ५ पैकी ४ झटके बरोबर ओळखेल. पण उरलेल्या २५ निरोगी दिवसांपैकी ५ दिवशीही धोक्याची सूचना देईल. म्हणजे नऊ इशाऱ्यांपैकी पाच खोटे! ‘८० टक्के अचूक’ या जाहिरातीमागे ‘लांडगा आला रे आला’ची ही गत दडलेली असू शकते.

हा केवळ मनस्तापाचा प्रश्न नाही. प्रत्येक इशाऱ्याला गोळी घेतली, तर औषधांच्या अतिवापरानेच डोकेदुखी जडू शकते. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तर ट्रिप्टान गटातील औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिल्यास हा धोका संभवतो. वरील हिशेबातील नऊ इशाऱ्यांना नऊ दिवस औषध घेणारा रुग्ण या मर्यादेच्या अगदी काठावर पोहोचतो.

तेव्हा अशा यंत्राच्या वेष्टनावर ‘पेटंट पेंडिंग’ असे छापलेले दिसल्यास त्याचा अर्थ अर्ज दाखल झाला आहे, इतकाच घ्यावा. पेटंट मिळाले नसताना ते मिळाल्याचे भासवणे कायद्याने दंडास पात्र आहे. प्रसिद्ध झालेले अर्ज आणि मंजूर पेटंटे भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यंत्राची चाचणी किती रुग्णांवर झाली, खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण किती आणि वैद्यकीय उपकरण म्हणून त्याला परवाना आहे का? या प्रश्नांची उत्तरे पेटंटच्या क्रमांकात मिळत नाहीत. ती मिळाल्यावरही इशाऱ्यानुसार औषध घ्यायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवणे श्रेयस्कर.