मोबाईलची मुखत्यारी : लग्नपत्रिकेतली चोरी

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून फसवी फाइल येत असेल, तर बाहेरून ॲप बसवण्याची सोयच फोनमधून काढून का टाकू नये, असे विट्याच्या एका वाचकाने विचारले आहे.

विट्याच्या बाजूचे, म्हणजे खानापूर-आटपाडीकडचे, सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर पांगलेले असल्याने तिकडे निमंत्रण मोबाईलवर येणे स्वाभाविक असते, आणि चोराला हीच सवय उपयोगी पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याने अशी ‘पत्रिका’ उघडली आणि त्याचे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती फाइल एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याचा संच, होती. मात्र ॲप नुसते बसल्याने पैसे जात नाहीत. ते एसएमएस वाचण्याची परवानगी घेते किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’, म्हणजे अंध-अपंगांच्या सोयीसाठी पडदा वाचण्याचा व बटणे दाबण्याचा दिलेला अधिकार, मिळवते आणि बँकेचा ओटीपी चोराच्या हाती देते. म्हणूनच बंदोबस्त परवानगीचा व्हायला हवा.

अँड्रॉइडची वाटचाल बराच काळ याच दिशेने झाली. पूर्वी बाहेरून ॲप बसू देणारे ‘अनोळखी स्रोत’ हे साऱ्या फोनसाठी एकच बटण होते. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ही मुभा प्रत्येक ॲपला स्वतंत्रपणे द्यावी लागते आणि २०२२ च्या तेराव्या आवृत्तीने बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी मिळणे अवघड केले. याउलट, ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंडमध्ये आणि २०२७ पासून क्रमाने इतरत्र, ओळख न पटवलेल्या विकासकाचे ॲप गूगल-प्रमाणित फोनवर बसणार नाही. सांगलीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याने गावच्या ऊसतोडीची नोंद ठेवणारे ॲप लिहिले, तर ते शेजाऱ्याला देण्यासाठीही एका परदेशी कंपनीच्या अटी पाळाव्या लागाव्यात, हे रास्त नव्हे. विरोधानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे मान्य केले. ती वाट किती अरुंद असेल, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

मात्र या चोरीच्या दुखण्याचे मूळ एसएमएसने येणाऱ्या ओटीपीत आहे. त्याखेरीज अन्य पद्धतींना वाव देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली असली, तरी सातारा-सांगलीच्या लहान सहकारी बँकांचे खातेदार त्या पद्धतींकडे सावकाशच वळतील. तोवर अशी फाइल उघडली गेलीच, तर प्रथम त्या फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर व बँकेत कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार खातेदाराची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते.