व्हॉल्व्हचा उबदार आवाज : निवडताना काय पाहावे?

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. आधी आतून तांबूस उजेड दिसे आणि मग हळूहळू आवाज वर येई. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढे रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. घरगुती हाय-फाय संगीतयंत्रणेत मात्र ते आजही टिकून आहेत. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत त्यांचे उत्पादन चालू आहे. ‘व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो’ असे शौकीन सांगतात आणि त्यासाठी भरपूर पैसेही मोजतात. यात तथ्य किती?

काही वर्षांपूर्वी आम्हीही व्हॉल्व्हचा एक प्रीअँप्लिफायर घरी आणला. आवाज खरोखरच मऊ झाला. आम्ही खूश झालो. पण आठवड्याभरात लक्षात आले की झांजेची किणकिण आणि तंबोऱ्याच्या तारेची धार हरवली आहे. ज्याला आपण ऊब म्हणत होतो, ती ऊब नव्हतीच. आवाजाचा वरचा भाग कापला जात होता! असे का झाले, ते पाहू.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. निर्वात काचनळीतील कॅथोड तापला की इलेक्ट्रॉन बाहेर पडून धनाग्राकडे जातात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी या वाटेत तारेची जाळी बसवली. जाळीवरील विद्युतदाब किंचित बदलला, तरी इलेक्ट्रॉनांचा प्रवाह बराच बदलतो. हेच विवर्धन.

प्रीअँप्लिफायरचे काम तसे साधे आहे. सीडी, रेडिओ, रेकॉर्ड यांपैकी हवा तो संकेत निवडायचा, आवाज कमी-जास्त करायचा आणि संकेत पुढे मुख्य अँप्लिफायरकडे सुखरूप पोहोचवायचा. म्हणून पहिला प्रश्न असा, की विवर्धन हवे किती? सीडी प्लेअर जास्तीत जास्त सुमारे २ व्होल्ट देतो आणि बहुतेक मुख्य अँप्लिफायरांना १ ते २ व्होल्ट पुरतात. म्हणजे इथे विवर्धनाची गरज जवळजवळ नाहीच. प्रीअँपने संकेत दहापट केला, तर व्हॉल्यूमचे बटण कायम शून्याजवळ ठेवावे लागते. व्हॉल्व्हची स्वतःची खरखर मात्र मोठी होऊन पुढे जाते. रेकॉर्डची गोष्ट निराळी. तिच्या सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट मिळतात. तिथे सुमारे शंभरपट विवर्धन करणारा वेगळा फोनो विभाग लागतो.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. विद्युतघटाला अंतर्गत रोध असतो, हे आपण वर्गात शिकवतो. घटाला लहान रोध जोडला की त्याचा बराचसा विद्युतदाब आतच खर्च होतो. प्रीअँपलाही असाच अंतर्गत रोध असतो. त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. १२एएक्स७ हा लोकप्रिय व्हॉल्व्ह साध्या पद्धतीने जोडला, तर हा रोध सुमारे ३८ किलोओहम येतो. आमच्या यंत्रात तीच जोडणी होती. पुढच्या अँप्लिफायरचा रोध होता ४७ किलोओहम. म्हणजे निम्म्याच्या जवळपास संकेत प्रीअँपच्या आतच राहिला. त्यात भिंतीच्या कडेने नेलेली आठ मीटर केबल! अशा केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर एकूण ८०० पिकोफॅरड झाले. रोध आणि धारिता मिळून गाळणी बनते. आकडेमोड केली, तर सुमारे ९,५०० हर्ट्झला संकेताचा दाब सत्तर टक्क्यांवर येतो आणि त्यापुढे घसरतच जातो. झांज हरवली ती इथे.

त्याच व्हॉल्व्हच्या पुढे ‘कॅथोड फॉलोअर’ नावाची जोडणी केली, की अंतर्गत रोध सुमारे ६०० ओहमवर येतो आणि हीच मर्यादा तीन लाख हर्ट्झच्या पलीकडे जाते. नियम सोपा आहे : पुढच्या यंत्राचा रोध प्रीअँपच्या अंतर्गत रोधाच्या निदान दहापट असावा. दोन्ही आकडे माहितीपत्रकात असतात. नसतील, तर विक्रेत्याला विचारावेत.

मग ऊब ही निव्वळ कल्पना का? तसेही नाही. व्हॉल्व्ह संकेतात थोडी भर घालतो, विशेषतः दुप्पट वारंवारतेची. २४० हर्ट्झचा षड्ज दिला, तर त्यात ४८० हर्ट्झचा, म्हणजे तार सप्तकातील षड्ज किंचित मिसळतो. तो कानाला खटकत नाही. उलट आवाज भरदार वाटतो. पण ही मूळ गाण्यात नसलेली भर आहे, हे विसरू नये. दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात आणि ते नेहमीच सुरेल नसतात. ही भर आवडणे हा रुचीचा भाग आहे. तिला ‘अधिक अस्सल आवाज’ म्हणणे मात्र चूक.

आता कानाची परीक्षा. दोन यंत्रांपैकी किंचित मोठ्याने वाजणारे यंत्र आपल्याला चांगले वाटते. म्हणून एकच शुद्ध स्वर लावून स्पीकरच्या टोकांवरील दाब मल्टिमीटरने मोजावा आणि दोन्ही यंत्रांसाठी सारखा करावा. मग मित्राने नाणे उडवून पडद्याआड यंत्रे बदलावीत आणि आपण ओळखावे. दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. सहा बरोबर आली, तर फुशारकी मारू नये!

एक इशारा. व्हॉल्व्हच्या धनाग्राला बहुधा २०० ते ३०० व्होल्ट लागतात आणि यंत्र बंद केल्यावरही संधारित्रांत विद्युतभार राहतो. झाकण उघडू नये, विद्यार्थ्यांनी तर नाहीच. काही स्वस्त यंत्रांत व्हॉल्व्हला अगदी थोडे व्होल्ट देऊन खाली रंगीत दिवा लावलेला असतो. तो उजेड शोभेचा असतो.

आम्ही आमचा प्रीअँप फेकला नाही. तो मुख्य अँप्लिफायरशेजारी ठेवला आणि केबल एका मीटरची केली. झांज परत आली. अंतर्गत रोधाचा धडा शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. ‘हे सूत्र कुठे उपयोगी पडते?’ असे विचारणारा एखादा विद्यार्थी दरवर्षी असतोच.