‘लाइफ ऑफ द पार्टी’ म्हणजे कोणती पार्टी?

बेळगाव-निपाणीची मुलं पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत अर्ज करतात, तेव्हा गणित-इंग्रजीच्या ऑनलाइन परीक्षेच्या शेपटाला कधी कधी व्यक्तिमत्त्व चाचणी जोडलेली असते. तिच्यात बरोबर-चूक नसतं, म्हणून तिची धास्ती जास्त. ‘मनातलं सगळं काढून घेतात,’ असं म्हणतात.

तसं काही होत नाही. अशा बहुतेक चाचण्या तुम्ही स्वतःबद्दल काय सांगता, तेवढंच मोजतात. लाय डिटेक्टर, नार्को हे प्रकार वेगळे; त्यांची सक्ती तर आरोपीवरही करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सांगितलं.

‘अशी चाचणी मिलिटरीतही घेतात, मग ती शास्त्रीयच असणार,’ हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात हमखास ऐकू येतं. पण लष्करी अधिकाऱ्यांची निवड पाच दिवस चालते. साठ शब्द, प्रत्येक शब्दावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद, ही त्यातली फक्त एक चाचणी. मानसतज्ज्ञ, मैदानावर गटाची कामं बघणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, असे तिघे उमेदवाराला आपापल्या परीने जोखतात. अर्ध्या तासाच्या फॉर्मला ही सर येत नाही.

‘रिपोर्ट वाचला, अगदी मीच!’ राशिभविष्य वाचूनही असंच वाटतं. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन ‘तुझं’ म्हणून दिलं. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातला होता. चार अक्षरांत माणूस बसवणारी प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असं तर तिचे कर्तेधर्तेच सांगतात.

आपल्या भागातली खरी अडचण भाषेची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड, चाचणी इंग्रजीत. संशोधकांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या एका प्रश्नसंग्रहात वाक्य आहे, ‘मी लाइफ ऑफ द पार्टी असतो,’ म्हणजे चारचौघांत रंगत आणणारा. निपाणीत पार्टी म्हणजे एक तर मटणाचं जेवण, नाही तर निवडणुकीतला पक्ष! दुसरं वाक्य ‘फीलिंग ब्लू’चं. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला तिथे उदासी दिसणार की निळा रंग? तो गोंधळून मधला पर्याय निवडतो. मग मोजलं जातं ते त्याचं इंग्रजी, आणि शिक्का बसतो स्वभावावर.

‘यात कुणी नापास होत नाही,’ हा मात्र कंपन्यांच्या बाजूने पसरलेला गैरसमज. उत्तीर्णतेचे गुण नसले, तरी चाळणी लावता येते. खासगी भरतीतल्या अशा चाचण्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. चाचणी कोणत्या भाषेत आहे, अहवाल कोण वाचणार, किती दिवस जपून ठेवणार, हे उमेदवाराने विचारायला हरकत नाही. विचारलं म्हणून नाव मागे पडेल, ही भीती मात्र मला गैरसमजांच्या यादीत घालता येत नाही.