हातात किती वेळ?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमूनभागून झोपलेल्या किल्लारीला पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने गाठले. तीव्रता सव्वासहाच्या आसपास. एवढे भूकंप जगात वर्षाकाठी शंभरेक तरी होतात, पण बरेचसे समुद्राखाली किंवा तुरळक वस्तीत. इथे केंद्र उथळ होते आणि वर होती दगडमातीच्या जाड भिंतींची घरे. त्यांवरच्या माळवदाचा मातीचा थर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवायचा. त्या पहाटे तोच अंगावर आला. सुमारे दहा हजार माणसे गेली.

त्याआधी वर्षभर किल्लारी परिसराला छोटे धक्के बसत होते. मग इशारा मिळाला नव्हता का? पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रीघ लागली, तरी मोठा भूकंप काही आला नाही. कोणते धक्के मोठ्याची चाहूल आणि कोणते नुसतेच धक्के, हे आधी ओळखण्याची रीत विज्ञानाला अजून सापडलेली नाही. म्हणून भूकंपाची तयारी गवंड्याच्या हातात असते, हवामान खात्याच्या नव्हे.

दरडीचे तसे नाही. मुसळधार पावसाचे पाणी उतारावरच्या मातीत मुरते, तिचे वजन वाढते आणि कणाकणांमधली पकड सुटत जाते. जमिनीला नवी भेग पडणे, खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ही लक्षणे कधी तासभर, कधी काही दिवस आधी दिसतात. पण ती बघायला भर पावसात डोंगरावर जाणार कोण? आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडले गेले आणि बाहेरच्या जगाला ते कळले एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या माणसाला गावच दिसेना.

चक्रीवादळ त्या मानाने सांगून येते. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकण्याआधी उपग्रहांनी ते टिपले होते आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवता आले. नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र हलवता येत नाहीत. माड पुन्हा लावला तरी फळायला पाच-सात वर्षे जातात. माणसे वाचली म्हणजे सगळे वाचले, असा हिशेब निदान कोकणात तरी चालत नाही.

आणि दुष्काळ? त्याला सुरुवातीची तारीखच नसते. पाऊस लांबतो, दुबार पेरणी होते, विहिरीचा तळ दिसू लागतो. यातला नेमका कोणता दिवस संकटाचा म्हणायचा? वर्षानुवर्षे त्याचे उत्तर पैसेवारीने दिले: पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सवलतींचा मार्ग मोकळा. सगळ्यात जास्त वेळ देणारे हे संकट, आणि त्यातला बराच वेळ ते जाहीर करायचे की नाही हे ठरवण्यातच जातो.